कुंडीतलं हे भुईआवळाच का?

चाफेकळी: मंडळी, मोगऱ्याच्या कुंडीत एक रोप आपोआप उगवलंय, वीतभर उंच, दांडा अगदी काडीसारखा, पानं चिंचेसारखी आणि संध्याकाळ झाली की मिटतात. सासूबाई म्हणतात भुईआवळा आहे, काविळीवर चालतो, उपटू नकोस. नेटवर फोटो बघितले तर सगळे सारखेच दिसतायत. कसं ओळखायचं?

रानवेडा: एक डहाळी उलटी करा. खालच्या बाजूला हिरवे मणी ओळीने लटकलेत का? असतील तर चिंचेसारखं पान वाटतंय ते पान नाहीच, ती बारीक फांदी आहे आणि तिच्यावरची एकेक टिकली म्हणजे एकेक पूर्ण पान. चिंचेच्या पानात टिकलीच्या बगलेत कधी फळ धरत नाही, इथे धरतं.

चाफेकळी: अय्या आहेत की! मोहरीएवढे, गुळगुळीत, बारीक देठाला लोंबतायत. इतके दिवस पाणी घालतेय, कधी दिसले नाहीत 😄

रानवेडा: देठ आहे म्हणजे फायलँथस युरिनारिया बाद (फायलँथस हे भुईआवळ्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव, युरिनारिया ही त्यातली एक जात), त्याची फळं खरखरीत असतात आणि फांदीला जवळजवळ चिकटलेली, खोडही बऱ्याचदा तांबूस. आता फूल बघा, मोबाइल झूम करून. पाकळ्या नसतातच, त्या जागी दिसतात ती निदलं. 5 असली तर अमारस, 6 असली तर फ्रॅटर्नस नाहीतर डेबिलिस, या तिन्ही जातींना भुईआवळाच म्हणतात.

काढेवाले काका: आमच्या जुन्या पुस्तकात भुईआवळ्याला फायलँथस निरुरी लिहिलंय, ते कुठलं मग?

रानवेडा: काका, खरी निरुरी अमेरिकेकडची. आपल्याकडे त्या नावाने नोंदलेली झाडं तपासली तेव्हा बहुतेक हीच तिघं निघाली, म्हणून तर एवढा घोळ. आणि काविळीचं म्हणाल तर 1988 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मद्रासचा अभ्यास आला होता, अमारस आणि हिपॅटायटिस बी (यकृताचा विषाणूजन्य आजार, त्यात कावीळ होऊ शकते), त्यावर बराच गाजावाजा झाला पण नंतरच्या चाचण्यांत तसा गुण दिसला नाही. तेव्हा रोप खुशाल ठेवा, पण कोणाला कावीळ झालीच तर आधी डॉक्टर, रक्त तपासा, काढा करत बसू नका.

चाफेकळी: पहिलं फूल माझ्याच श्वासाने उडालं, दुसऱ्यावर मोजली. पाच! सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, मी काय वेगळं म्हणत होते.