रामन राघवचे दिवस: तुमच्या घरी काय सांगतात?

मालाडकर
काल रात्री वीज गेली. आईने उठून आधी खिडकीच्या कड्या लावल्या. आठवा मजला, वय ७९. म्हणाली, "सवय रे." ही १९६८ची सवय, रामन राघव मुंबईत रात्री झोपलेल्यांची डोकी ठेचत फिरायचा तेव्हाची. पुरुष काठ्या घेऊन आळीपाळीने पहारा द्यायचे. २७ ऑगस्टला तो डोंगरीत सापडला तेव्हा चाळीत साखर वाटली. त्याने ४१ खून कबूल केले. खटला चालला मालाडच्या चिंचोलीत मारलेल्या दोघांचा. बाकीच्यांचं काय? आमच्या मागे झोपडीत राहणारा दूधवाला त्याच पावसाळ्यात डोकं ठेचलेला मिळाला. नावही कुणाला माहीत नव्हतं, नुसता भय्या. तो यानेच मारला की आणखी कुणी, हे आईला अजून खुपतं.

नीरजा
आजी सांगायची तो पोपट होऊन घरात शिरतो!! मामाने भीतीने पाळलेला पोपट सोडून दिला, मावशी दोन दिवस जेवली नाही.

दादरवाला
परत आला का पोपट?

नीरजा
नाही ना 😔

शिवडी_६२
बाबा पोलिसात होते. तपास रमाकांत कुलकर्णींकडे, पण रस्त्यात ओळखलं ते सब-इन्स्पेक्टर फियालोंनी. आधी तोंडच उघडेना. कोंबडी मागितली, खाल्ली, मग बोलला. आमच्या घरात त्यानंतर कोंबडी शिजली नाही. ६५-६६मध्ये मध्य रेल्वेच्या कडेला १९ जणांवर हल्ले झाले, ९ गेले. तेव्हाही हा ताब्यात आला होता, पुराव्याअभावी सुटला. बाबांना ते शेवटपर्यंत लागून राहिलं. फुटपाथवरची माणसं, त्यांच्यासाठी ओरडणार कोण?

सई_आई
कुकर लावलाय, पटकन लिहिते. सासरे रात्रपाळीहून येत होते, जमावाने रामन समजून बदडलं. एक कान कायमचा गेला.

दादरवाला
अरे देवा. कुठल्या गिरणीत होते?

कोथरूड
फाशीची पुढे जन्मठेप झाली, मनोरुग्ण म्हणून. १९९५ला इथेच ससूनमध्ये वारला. बहीण तेव्हा ससूनला शिकत होती, पण विषय काढला की गप्प बसते.

मालाडकर
आईला सगळं वाचून दाखवलं. सई, तुमच्या सासऱ्यांचं ऐकून रडली. भय्याचं दुधाचं मापटं अजून आमच्याकडे आहे. न्यायला कुणी आलंच नाही.

सई_आई
@दादरवाला परळला, साच्यावर (मागावर). तुमचे कोण होते?

दादरवाला
आजोबा. तेही साच्यावरच. फोटो शोधतो.