टेबल सॉचा फेन्स ब्लेडला अचूक समांतर कसा लावावा?

प्रश्न:
घरच्या कार्यशाळेतल्या टेबल सॉवर (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडच्या करवतीवर) फळी उभी चिरताना फेन्सकडच्या, म्हणजे लाकूड जिला टेकवून सरकवतात त्या आधारपट्टीकडच्या, तुकड्याच्या कापावर जळकट डाग पडतात आणि शेवटच्या टप्प्यात फळी पुढे ढकलायला बराच जोर लावावा लागतो. ब्लेड नवे आणि धारदार आहे. टेपने मोजल्यास ब्लेडपासून फेन्सचे अंतर पुढे आणि मागे दोन्हीकडे 100 मिलिमीटरच भरते. फेन्स लावण्याची खात्रीची पद्धत कोणती, आणि त्यासाठी डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारे मापयंत्र) घ्यावाच लागेल का?

पहिले उत्तर:
डाग फेन्सकडच्या तुकड्यावरच पडत असतील, तर फेन्स मागच्या बाजूला ब्लेडकडे झुकलेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. मागे अंतर कमी झाल्याने लाकूड फेन्स आणि ब्लेडचे खालून वर येणारे मागचे दात यांच्यामध्ये चिमटले जाते, आणि तेच दात फळी उचलून तुमच्या अंगावर फेकू शकतात. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत कृपया या यंत्रावर काही चिरू नका.

सुरुवात मात्र फेन्सपासून करू नये. प्लग काढून ठेवा, ब्लेड पूर्ण वर घ्या आणि आधी ते मायटर गेजच्या (लाकूड कोनात धरून पुढे सरकवण्याच्या साधनाच्या) खाचेला समांतर आहे का ते पाहा, कारण ती खाच टेबलातच कोरलेली असल्याने तिची दिशा बदलत नाही आणि बाकी सारे तिच्यावरूनच जुळवायचे असते. इथे प्रश्न 0.1 मिलिमीटरचा आहे आणि तेवढा फरक टेपवर दिसत नाही. शिवाय पुढे एक दात आणि मागे दुसराच दात मोजला, तर ब्लेडचा किंचितसा वाकही मापात मिसळतो. यासाठी एका दातावर मार्करने खूण करावी, तो पुढे आणून मोजावा, आणि मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे नेऊन मोजावा.

डायल गेज नसला तरी काम अडत नाही. मायटर गेजला लाकडी पट्टी क्लॅम्पने घट्ट बांधा, तिच्या टोकाला गोल डोक्याचा स्क्रू बसवा आणि खुणेचा दात त्याला जेमतेम घासेल इतपत तो बाहेर घ्या. मागेही तसाच बारीक खर्र आवाज आला, तर ब्लेड समांतर आहे; आवाज आला नाही, तर फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजता येते. ब्लेड सरकवायचे झाल्यास प्रत्येक बोल्ट आवळल्यावर माप पुन्हा पाहा, कारण आवळतानाच ते हलते. त्यानंतर फेन्स खाचेच्या कडेशी आणून लॉक करा आणि त्या कडेवरून पुढून मागे बोट फिरवा. अगदी बारीक पायरीही बोटाला जाणवते.

दुसरे उत्तर:
वरील पद्धतीशी मी सहमत आहे, फक्त लॉकविषयी एक भर घालतो. फेन्स पाच-सहा वेळा सोडून पुन्हा लॉक करून पाहावा, आणि दर वेळी मागचे अंतर वेगळे येत असेल, तर समांतरतेचे स्क्रू फिरवण्यात अर्थ नाही. आधी फेन्स जिच्यावर सरकतो त्या रेलवरचा भुसा पुसा, फेन्सच्या डोक्यातली (रेलला पकडणाऱ्या भागातली) ढिलाई काढा आणि डोके पुढच्या रेलवर दाबून धरूनच लॉक करण्याची सवय ठेवा. फेन्स टेबलाशी काटकोनात उभा आहे का, हेही गुण्या लावून पाहा.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. फेन्स मागे मुद्दाम थोडा उघडा ठेवावा, असेही काही जण सांगतात. ते योग्य आहे का?

पहिले उत्तर देणारे:
मागे 0.1 मिलिमीटरपर्यंत उघडा राहिला तर चालतो, पण मी पूर्ण समांतरच ठेवतो. कधी फेन्स ब्लेडच्या दुसऱ्या बाजूला लावायची वेळ आली, तर उजवीकडे उघडा असलेला तोच फेन्स डावीकडे ब्लेडवर झुकलेला ठरतो. तसेच तो जास्त उघडा असेल, तर दातांचे ओरखडे दुसऱ्या, म्हणजे सुट्या तुकड्यावर उमटू लागतात. ब्लेड सरकवले असेल, तर रायव्हिंग नाइफही (ब्लेडच्या मागचे, काप मिटू न देणारे पाते) त्याच्या रेषेत आणा, आणि फेन्सच्या मोजपट्टीवरचा दर्शक सर्वांत शेवटी, एक फळी प्रत्यक्ष चिरून तिच्या मोजलेल्या रुंदीवर लावा.