रिव्हर्ट म्हणजे रिप्लाय नाही ना
एका ताईंनी विचारलं की ईमेलमध्ये 'उत्तर द्या' या अर्थानं 'प्लीज रिव्हर्ट' लिहिणं चूक आहे का, तर आपल्या इकडे चालून जातं, नागपूरच्या ऑफिसांत सगळे तेच लिहून राहिले, पण मूळ अर्थ उत्तर देणं नाही, आधीच्या स्थितीत परत जाणं आहे, लॅटिनमधल्या 'मागे वळणे' वरून आलाय तो. मी एकदा लंडनच्या क्लायंटला नवीन डिझाइन पाठवून 'काइंडली रिव्हर्ट' लिहिलं, त्यांनी जुनंच डिझाइन परत लावलं, दोन दिवसाचं काम गेलं, लय वाईट वाटलं. बाहेरच्यांना सरळ रिप्लाय लिहा. आणि 'रिव्हर्ट बॅक' तर नकोच, 'रि' मध्येच परत आलं. फाइल जुन्यावर नेली तर 'रिव्हर्टेड टू द ओल्ड व्हर्जन', हे एकदम बरोबर.