उत्तम शुक्रवारचा फलक: चौकात धक्का द्यावा का?

राजारामपुरीकर
आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांचे उत्तम शुक्रवारचे, म्हणजे गुड फ्रायडेचे, फलक डोळ्यांसमोर आणा. निळं आभाळ, कबुतर, पाळकसाहेबांपासून चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीपर्यंत सगळ्यांचे फोटो आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत वचन. हा फलक कळतो फक्त ख्रिस्ती माणसाला, आणि त्याला उपासनेची वेळ आधीच पाठ असते.

माझा प्रस्ताव असा: काळ्या फलकावर पांढरी अक्षरं, 'निर्दोष तरुणाला देहदंड. न्यायाधीशाने हात धुतले.' खाली 'शुक्रवार, दुपारी १२ ते ३' आणि चर्चचं नाव. दाभोळकर कॉर्नरला, २० बाय १० फूट, आठ दिवस.

यात एक अक्षर खोटं नाही. येशूला देहदंड देणाऱ्या पिलातानं लोकांसमोर हात धुतल्याचं बायबलात, मत्तयाच्या २७ व्या अध्यायात आहे. वधस्तंभ ही रोमन सत्ता गुलामांना आणि बंडखोरांना भर रस्त्यात द्यायची ती शिक्षा होती. आपण तिचं सोन्याचं पदक करून गळ्यात घातलं. आणि कोल्हापूरचा माणूस फलक वाचतो. २०१९ च्या लोकसभेला 'आमचं ठरलंय' या दोन शब्दांवर अख्खा जिल्हा बोलत होता.

नागाळा पार्क
दादा, ओळ जोरदार आहे, म्हणूनच भीती वाटते. ती बातमीसारखी वाचली जाणार. लोक विचारणार, कुठल्या कोर्टात, कुणाच्या पोराला? मग खाली चर्चचं नाव दिसलं की त्यांना फसवल्यासारखं वाटणार. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, ४:२ मध्ये, पौल लपवाछपवी आणि कपट सोडून दिल्याचं सांगतो. धर्मांतरासाठी आमिष दाखवल्याचा आरोप आपल्यावर आधीच होतो. त्याला पुरावा आपणच छापून द्यायचा का?

बाहेरचे अनुभवही बघा. १९९९ च्या ईस्टरला ब्रिटनमधल्या चर्चच्या जाहिरात मंडळानं येशूला क्रांतिकारक चे गव्हेराच्या रूपात रंगवलं. वाद चे वर झाला. २००९ मध्ये ऑकलंडच्या एका चर्चनं मरिया आणि योसेफ अंथरुणात दाखवले. काही तासांत त्यावर रंग फासला गेला. लोकांना जन्मकथेवर विचार करायला लावायचा असं त्या चर्चचं म्हणणं होतं, आणि बोलणं झालं फलकावर.

फ्लेक्सवाला
मजकुराचं तुम्ही ठरवा, मी अक्षरांचं सांगतो. ताशी ४० च्या दुचाकीवर माणूस सेकंदाला ११ मीटर पुढं जातो. ४० मीटरवरून फलक दिसला तर हातात चार सेकंदही नाहीत. आरामात वाचायला दर १० फुटांमागं १ इंच उंचीचं अक्षर लागतं, म्हणजे १३० फुटांवरून १३ इंच. ही उंची शिरोरेषेपासून खालची. वेलांटी-मात्रा वर आणि उकार खाली वेगळे धरा. 'निर्दोष'मधला रफार वरच्या ओळीच्या उकाराला चिकटला तर लांबून शब्दच लागत नाही, त्यामुळं दोन ओळींत जागा सढळ ठेवा. पातळ रेघांचा फॉन्ट काळ्यावर घेऊ नका. शाई पसरून रेघ बुजते.

फाईल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी आकृती करून द्या, नाहीतर दुसऱ्या मशीनवर फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात आणि ते छापून झाल्यावर दिसतं. क्यूआर कोड चौकात नको. साधारण रुंदीच्या दहापट अंतरावरूनच तो वाचला जातो, म्हणजे ३० फुटांवरून ३ फुटांचा कोड लागेल, आणि गाडीवरचा माणूस तो स्कॅन करणार कसा? तो हातात द्यायच्या पत्रकावर घ्या. महापालिकेचा परवाना क्रमांक आणि मुदत मात्र फलकावर हवीच.

राजारामपुरीकर
ताई, फसवणुकीचा मुद्दा मान्य. मग चर्चचं नाव सगळ्यांत वर आणि ओळीइतकंच मोठं. 'न्यायाधीशाने'च्या जागी 'सुभेदाराने'. आपल्या बायबलात पिलात सुभेदारच आहे, आणि तो शब्द वाचून कुणी आजचं कोर्ट समजणार नाही. पण ऑकलंडचा दाखला इथं लागू होत नाही. तिथं विनोद श्रद्धेवर होता; इथं जे घडलं तेच लिहिलंय.

पन्हाळा रोड
तारखेकडं कुणी बघितलं का? २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. ती पौर्णिमा पुष्कळ वेळा चैत्रीच असते, म्हणजे जोतिबाची यात्रा. २०२६ लाच बघा, २ एप्रिलला चैत्र पौर्णिमा, ३ ला उत्तम शुक्रवार. सासनकाठ्या, बैलगाड्या, गुलाल, शिवाजी पुलावरून डोंगराकडं रीघ. त्याच आठवड्यात चौकात काळा फलक म्हणजे यात्रेला उत्तर दिलं असंच वाचलं जाणार, तुमच्या मनात असो वा नसो. ७ जून २०२३ ला याच शहरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करावं लागलं. फलकाचा फोटो कापून फिरतो हे धरूनच चला. प्रत्येक ओळ एकटी वाचून बघा. एकटी असताना जी बोचते ती काढा.

कायद्याचं बोला
भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ ला जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं धर्मभावना दुखावणं लागतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. या ओळीत दुसऱ्या कुणाचं नावही नाही. मला खरी चिंता वाटते ती 'प्रार्थनेनं कर्करोग बरा होतो' छाप फलकांची. औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा आहे, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तसला फलक वाचून कुणी गोळ्या बंद केल्या तर ते पाप कुणाच्या माथी?

ओवीप्रेमी
धक्का द्यायचा तर रूपानं द्या. फादर स्टीफन्सनं १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण ओवीत छापलं. ना. वा. टिळकांनी येशूला अभंगात आणि कीर्तनात आणलं. वीणा, टाळ आणि येशूचं आख्यान, हे ऐकायला माणूस तासभर बसतो. फ्लेक्सवर काल कुणाचा वाढदिवस होता, परवा कुणाची निवड असेल. त्या रांगेत वधस्तंभ उभा करावा असं मला वाटत नाही.

राजारामपुरीकर
कीर्तन हवंच. पण कीर्तनाला माणूस येणार कुठून? ते लागलंय हे त्याला कुठंतरी वाचावंच लागेल ना.

नागाळा पार्क
अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्या मिशनची ओळख इथं शाळा-दवाखान्यांनी झाली, आणि ते काम दारात आलेल्या माणसाकडं बघण्याचं होतं. समजा तुमची ओळ वाचून कुणी पावणेएकला आत आला. वधस्तंभावरून येशू बोलला त्या सात उद्गारांवर सात संदेश, प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे १४० मिनिटं नुसते संदेश. तो आला तेव्हा तिसरा चाललाय. हातात गीतांचं पुस्तक नाही, कधी उभं राहायचं कळत नाही, मागच्या बाकावर जागा नाही. तो दहा मिनिटांत उठतो आणि परत येत नाही.

आधी हे करा: मागचे दोन बाक मोकळे, दाराशी दोघंजण, गीतांची आणि सात उद्गारांची एक पानी छापील प्रत, नाव-मोबाईल विचारणारी वही नाही. चार महिने हे जमलं की फलकाचं बोलू. आणि तेव्हाही चौकात नको, चर्चच्या फाटकावर.

राजारामपुरीकर
बाक, दार, छापील प्रत, सगळं यंदाच करू, वहीही बंद. चौक यात्रेच्या आठवड्यापुरता सोडतो. पण फाटकावर लावायचा तर रस्त्याकडं तोंड करून, आणि 'निर्दोष' हा शब्द १३ इंचीच राहील.

नागाळा पार्क
रस्त्याकडं तोंड चालेल. काळा रंग मात्र पंच कमिटीसमोर ठेवा, तिथं मी विरोधात बोलणार आहे.