हंपी जुलैत करावं की डिसेंबरात? माझं मत जुलै

रानवाटा :
डिसेंबरात हंपीला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, आधी गर्दीचंच सांगतात. विठ्ठल मंदिरातला दगडी रथ, तोच ५० च्या नोटेवरचा, त्याच्यासमोर फोटोसाठी झुंबड आणि रूमचे रेट चढलेले. माझं स्पष्ट म्हणणं आहे की आपल्याकडच्या माणसाने हंपी जुलैतच करावं. पावसाळा म्हटलं की आपल्या डोक्यात कोकण येतं, पण हंपी पर्जन्यछायेत आहे, तिकडे जास्तीचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरचा, जुलैत बऱ्याचदा नुसते ढग, वारा आणि मधेच एखादी सर. हजारराम मंदिराच्या भिंतीवर कोरलेलं रामायण एकेक प्रसंग ओळखत बघायचं तर वेळ लागतो हो, मागे रांग असली की ते जमतच नाही. आणि दिवस आषाढीचे असतात. भानुदास महाराजांनी विजयनगरहून पांडुरंग परत पंढरीला आणला ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, तो इथल्या विठ्ठल मंदिरातला मूर्ती नसलेला गाभारा त्याच दिवसांत बघावा असं मला मनापासून वाटतं.

सोलापुरी भटक्या :
गाभाऱ्याचं पटलं, बाकी नाही. तुम्ही हंपीचा पाऊस बघताय, नदीचं काय? तुंगा आणि भद्रा येतात सह्याद्रीतून, तिकडे धो धो झाला की हंपीच्या वरचं तुंगभद्रा धरण भरतं, दरवाजे उघडतात आणि हंपीत थेंब नसला तरी नदीकाठचा पुरंदरदास मंडप पाण्याखाली जातो. कोरॅकल, म्हणजे नदी ओलांडायच्या गोल टोपलीसारख्या होड्या, बंद. मग पलीकडच्या काठावर समोर दिसणाऱ्या आनेगुंदीला जायला गाडीने लांबचा वळसा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तर धरणाचा १९ नंबरचा दरवाजाच वाहून गेला होता. पहिल्यांदा जाणाऱ्याला अर्धं हंपी बघायला पाठवताय तुम्ही.

रानवाटा :
अर्धं कसं काय? विरूपाक्ष, हेमकूट, कमळ महाल, हत्तीशाळा, महानवमी दिब्बा (तो उंच दगडी चौथरा) सगळं नदीच्या अलीकडेच आहे की. आणि भरलेली तुंगभद्रा वरून लांबून बघणं हेही हंपीच आहे, पाण्यात उतरा असं मी कुठे म्हटलं.

आईबाबांसोबत :
माझा विरोध वेगळ्या कारणाने. ओल्या ग्रॅनाइटवर साठीच्या पुढच्या माणसाचा पाय घसरला तर काय? मातंग टेकडीच्या पायऱ्या कोरड्या असताना सुद्धा अवघड. एप्रिल-मेचं तर नावच नको, पारा ४० च्या आसपास, दगड संध्याकाळपर्यंत तापलेले आणि सावली जवळपास नाहीच. वयस्कर लोकांना जानेवारीतच न्या, गर्दी परवडली. विठ्ठल मंदिराला गाडीतळापासून बॅटरीवरची गाडी मिळते त्यामुळे तेवढं चालणंही वाचतं.

दगडफूल :
मला रानवाटांचं पटतं पण माझं कारण त्यांनी लिहिलंच नाही. १९८६ पासून जागतिक वारसा यादीत असलेली जागा आहे ही आणि आपण सगळे तिथे त्याच दोन महिन्यांत पाय घासायला जातो. कमळापूर, आनेगुंदीत घरगुती खोल्या देणारी माणसं पावसाळ्यात गिऱ्हाइकाची वाट बघत बसतात, रिक्षावाला दिवसभर सोबत फिरतो आणि घाई करत नाही. आपण वर्षभर थोडे थोडे गेलो तर त्यांचंही घर चालेल आणि दगडांवरचा भारही विभागेल.

सोलापुरी भटक्या :
भार विभागेल हे मान्य, पण पाऊस काय दगडांना सोडतो का? २०२४ च्या मेमध्ये जोराच्या पावसात विरूपाक्षासमोरच्या बाजारातल्या मंडपाचा भाग कोसळला. अशा दिवसांत जुन्या मंडपांच्या आडोशाला लोक उभे राहतात याची मला खरंच भीती वाटते, तुमच्या सल्ल्यात एवढं तरी घाला.

रानवाटा :
घालतो, बरोबर आहे तुमचं. सर आली तर रिक्षात बसा, पडक्या मंडपाखाली थांबू नका. पण महिना बदलणार नाही, जुलैच.