मदत हवी आहे: व्हीएचएस कॅप्चर चालू असतानाच व्हिडिओ लेव्हल कशी बघायची? पांढरं सगळं जळतंय

नमस्कार मंडळी, धुळ्याहून लिहितोय. आमच्या गल्लीतल्या कानबाईच्या (खानदेशातल्या देवीच्या उत्सवाच्या) नव्वदच्या दशकातल्या व्हीएचएस कॅसेट डिजिटल करायला घेतल्यात. पत्र्याच्या खोलीत ट्रंकेत पडून होत्या, इकडचा मे महिना तुम्हाला माहितीच आहे, टेपचं कोटिंग सुटायला लागलंय, त्यामुळे एकच कॅसेट परत परत चालवणं परवडणारं नाही, पहिल्याच फेरीत नीट आलं पाहिजे.

सेटअप साधा आहे. व्हीसीआरची पिवळी पिन, यूएसबी कॅप्चर स्टिक, व्हर्च्युअलडब (कॅप्चरचं सॉफ्टवेअर), हफवाययूव्ही (दर्जा न घालवता व्हिडिओ आवळणारा कोडेक), ७२० बाय ५७६, २५ फ्रेम.

अडचण अशी की रोटांच्या (कानबाईच्या नैवेद्याच्या) रात्रीचं शूटिंग हॅलोजन मारून केलेलं आहे. कानबाईच्या नारळावर चांदीचे डोळे बसवलेत, खाली नथ, आणि कॅप्चरमध्ये डोळ्यांच्या जागी नुसते दोन सपाट पांढरे डाग येतात. तीच कॅसेट व्हीसीआरवरून सरळ टीव्हीला लावली तर डोळ्यातली काळी बुबुळं स्वच्छ दिसतात! म्हणजे टेपवर माल आहे, मधे कुठेतरी खाल्ला जातोय. बायांच्या पांढऱ्या काठाच्या साड्या, म्हाताऱ्या लोकांच्या टोप्या, सगळ्यांचं तेच. नंतर एडिटिंगमध्ये ब्राइटनेस कमी केला तर पांढऱ्याचं राखाडी होतं, बुबुळ काही परत येत नाही.

त्यात पुढे त्याच कॅसेटवर सोमवारी सकाळचं पांझरा नदीवरचं विसर्जन आहे, भर उन्हात. रात्रीच्या सीनला लेव्हल लावावी तर सकाळी बिघडते आणि सकाळची लावावी तर रात्र काळीठिक्कर. व्हर्च्युअलडबचा हिस्टोग्राम (फ्रेममध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत काय किती आहे त्याचा आलेख) चालू केला की दोन्ही टोकाला लाल दिसतं, पण ते लाल फ्रेममध्ये नेमकं कुठलं आहे ते कळत नाही आणि हा जुना लॅपटॉप फ्रेम सोडायला लागतो.

तर विचारायचं हे की कॅप्चर चालू असताना वेव्हफॉर्म (फ्रेममध्ये डावीकडून उजवीकडे कुठे किती उजेड आहे तो आलेख) लाइव्ह दिसेल असं काही आहे का? आणि ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट सीनप्रमाणे हलवत राहायचं की एकदाच लावून सोडून द्यायचं? या कॅसेटमधल्या निम्म्या बाया आता नाहीत हो, घरोघरी पेनड्राइव्ह द्यायचे आहेत, म्हणून एवढं लांबण लावलं.

तापीकाठ:
भाऊ, आधी काळ्या पट्ट्यांचं बघा. व्हीएचएसला डाव्या-उजव्या कडेला काळं असतं आणि तळाला हेड स्विचिंगची (व्हीसीआर टेप वाचणारं हेड बदलतो तिथली) फाटकी पट्टी असते, हिस्टोग्राम ते सगळं मोजतो, म्हणून डावीकडचं, म्हणजे काळ्या टोकाचं लाल बऱ्याचदा खोटंच असतं. कॅप्चर मोडमध्येच क्रॉप लावून तेवढं कापा, लेव्हल बघून घ्या, आणि खरं रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी क्रॉप काढून टाका. ० ते २५५ च्या मापात काळं १६ ला आणि पांढरं २३५ ला बसलं पाहिजे. नेटवर ७.५ आयआरई (सिग्नलच्या लेव्हलचं माप) सेटअपचे, म्हणजे काळं थोडं वर ठेवायचे सल्ले सापडतील तिकडे लक्ष देऊ नका, ते अमेरिकेच्या एनटीएससी टीव्ही पद्धतीचं आहे, आपल्या पाल पद्धतीत सिग्नलमधलं काळं शून्य आयआरईवरच असतं.

जुना_व्हीसीआर:
पांढरं कुठे कापलं जातंय ते आधी शोधा दादा, बाकी सगळं नंतर. तो डोळ्यांचा सीन लावा आणि ड्रायव्हरच्या प्रॉक अँपमधला (ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टच्या स्लायडरांची खिडकी) कॉन्ट्रास्ट हळूहळू खाली आणा. बुबुळ दिसायला लागलं तर काम झालं, तेवढ्यावरच ठेवा. पण हिस्टोग्रामच्या उजव्या टोकाचा सुळका जसाच्या तसा डावीकडे सरकला आणि डाग सपाटच राहिला तर स्टिक सिग्नल आत घेतानाच कापतेय, मग स्लायडर कितीही ओढा, उपयोग नाही, स्टिकच बदला.

सीनप्रमाणे हलवत बसू नका. सगळ्यात उजेडाचा सीन धरून लेव्हल लावा, थोडी जागा वर राहू द्या, रात्र फिकट वाटली तरी चालेल, ती नंतर सुधारता येते.

लाइव्ह वेव्हफॉर्मसाठी एफएफएमपेग (कमांड देऊन चालवायचं फुकटचं व्हिडिओ सॉफ्टवेअर) घ्या. एका कॅप्चर स्टिकवर सहसा दोन प्रोग्राम एकदम चालत नाहीत, म्हणून कॅप्चरही त्यानेच करायचं, एक धार फाइलमध्ये जाऊ द्यायची आणि दुसरी पाइपने एफएफप्लेला (त्याच्याच सोबतचा प्लेअर) देऊन त्यावर वेव्हफॉर्म फिल्टर लावायचा. ग्रॅटिक्यूल चालू केलं की १६ आणि २३५ च्या रेघा दिसतात. वेव्हफॉर्मची डावी बाजू म्हणजे चित्राचीही डावी बाजू, त्यामुळे टोपी जळतेय की नथ ते बरोबर कळतं. लॅपटॉप दमत असेल तर वेव्हफॉर्मची धार लहान करून द्या, फाइलची नाही.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. कॉन्ट्रास्ट खाली आणून बघितला, डाग राखाडी झाला आणि सुळका तसाच सरकला, म्हणजे स्टिकच. आता एस-व्हिडिओवाली (उजेड आणि रंग वेगळ्या तारांनी नेणारी जोडणी) स्टिक बघतोय, पण व्हीसीआरला एस-व्हिडिओ नाही, पिवळी पिनच आहे. ड्रायव्हरचा कॉन्ट्रास्ट सिग्नल कापला जायच्या आधी लागतो अशी, पालवर नीट चालणारी स्टिक कोणी स्वतः वापरली असेल तर मॉडेल सांगा, जळगावला किंवा नाशिकला मिळत असेल तर जाऊन घेऊन येतो, श्रावणाच्या आत संपवायचंय.