‘जेटी’ म्हणजे धक्का?

प्रश्न : इंग्लंडमधल्या जुन्या लाकडी घरांवर टिपण लिहितोय. स्टॅफर्डचं १५९५ सालचं ‘एन्शंट हाय हाउस’ (१६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स इथे मुक्कामाला होता), यॉर्कची शॅम्बल्स गल्ली, असं सगळं आहे. ‘हाफ-टिंबर्ड’ला ‘अर्धलाकडी’ चालेल? आणि वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला असतो, त्या ‘जेटी’ला भाषांतराच्या यंत्राने ‘धक्का’ सुचवलंय!

– ‘अर्धलाकडी’ नको हो, मध्येच पैसे संपल्यासारखं वाटतं. सरळ ‘लाकडी सांगाड्याचं घर’ लिहा. भार सगळा सांगाड्यावर असतो, भिंत नुसती मधली जागा भरते. जेटीबद्दल म्हणाल तर यंत्र अगदीच वेडं नाही. बंदरातली जेटी आणि ही, दोन्ही मूळ ‘पुढे टाकणे’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आल्या. पण मराठीत धक्का बंदरावरच राहू द्या.

– मग ‘सज्जा’ म्हणा की.

– सज्जा नाही. सज्ज्यात आपण खोलीतून बाहेर येऊन उभे राहतो. इथे खोलीच बाहेर आलेली असते. खालच्या भिंतीवरून तुळया हात-दीड हात पुढे काढतात आणि त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभी करतात. शॅम्बल्समध्ये समोरासमोरचे मजले असे पुढे आलेत की वर आभाळाची पट्टीच उरते. ‘बाहेर काढलेला मजला’ म्हणा, लांब असलं तरी नेमकं आहे.

– भिंतीसाठी आपल्याकडे आयता शब्द आहे : कूड. कोकणात कारवीचा, तिथे हेझल नावाच्या झुडपाच्या फांद्यांचा. त्या ओकच्या दांड्यांत विणायच्या आणि वर माती, पेंढा, शेण यांचा गिलावा. ‘विणलेली भिंत’ वगैरे घडवू नका. सांध्यालाही सुताराचेच शब्द घ्या : कुसू (लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ) खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी मारतात. ओक ओला असतानाच कापत. मग तो वाळताना पिळवटतो, म्हणून ही घरं अशी वाकडी दिसतात. आमचे आजोबा ओलं लाकूड बघून हातच लावत नसत!

प्रश्नकर्ता : कूड घेतला. दोन चौकटींमधल्या ‘बे’ला ‘खण’ लिहिणार होतो, पण घरात वाचून दाखवलं तर चोळीचा खण समजले.

– ‘तीन खणी घर’ लिहा. मग चोळी कुणाला आठवणार नाही.